मार्गदर्शक कोणाला म्हणावे?

कोणताही प्रबंध उघडला की पहिल्याच पानावर दोन नावे दिसतात. एक संशोधकाचे आणि दुसरे मार्गदर्शकाचे. संशोधकाने काय केले हे पुढच्या तीनशे पानांतून कळते. मार्गदर्शकाने काय केले हे मात्र कोठेच लिहिलेले नसते. ऋणनिर्देशात "त्यांच्या अमूल्य मार्गदर्शनाशिवाय" असे एक ठरीव वाक्य असते आणि ते बहुतेक प्रबंधांत सारखेच असते. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना विषय निवडण्याच्या निमित्ताने मी असे पुष्कळ प्रबंध चाळले. चाळता चाळता विषय बाजूला राहिला आणि हाच प्रश्न मनात घर करून बसला, की मार्गदर्शक म्हणजे नेमके कोण? विषयातील तज्ज्ञ, सही करणारा अधिकारी, की आणखी कोणी?

हा प्रश्न माझ्यासारखीला पडावा याला कारण आहे. मी नाकाडोंगरीची. तुमसर तालुक्यातील, सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव. बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेश लागतो. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथील मँगनीजच्या खाणी जवळच. (डोंगरी बुजुर्गच्या खाणीतील खनिज विजेच्या कोरड्या सेलसाठी वापरतात, ही गोष्ट मला पुस्तकात वाचून कळली. माझे बाबा त्याच भागात ठेकेदाराकडे कामाला आहेत, पण त्यांना ती कोणी सांगितली नव्हती.) बाजाराच्या दिवशी गावात झाडीबोली, हिंदी, पोवारी, गोंडी अशा सर्व भाषा कानांवर येतात आणि पुष्कळदा एकाच माणसाच्या तोंडून येतात. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. पीएच.डी. म्हणजे काय, हे घरी समजावून सांगताना मी "मोठी परीक्षा" असे सांगते. दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात संशोधनपद्धतीची तीन दिवसांची कार्यशाळा होती. प्रत्येकाने आपल्या नियोजित विषयावर दहा मिनिटे बोलायचे होते. माझा विषय होता आमच्या भागात रोवणी करणाऱ्या बायांची बोली. मी लिहून नेले होते, तरी बोलण्याच्या भरात गावचे उच्चार आले. "बांधीत पानी असते तेव्हा" असे मी म्हणाले. पुढे कोठेतरी डोळा हा शब्द आला आणि तोही "डोरा" असा उच्चारला गेला. अध्यक्षस्थानी असलेल्या गृहस्थांनी मला मध्येच थांबवले. "आधी मराठी शिका, मग मराठीवर संशोधन करा," असे ते म्हणाले. सभागृहात हशा पिकला. ते गृहस्थ दुष्ट होते असे मला आजही वाटत नाही. त्यांनी विनोद केला आणि तो त्यांना साधला इतकेच. मी मात्र उरलेली सात मिनिटे न बोलता जागेवर जाऊन बसले, आणि परतीच्या गाडीत बी. एड. करण्याचे ठरवून टाकले.

त्या हशामागे एक अज्ञान होते, हे मला पुढे कळले. झाडीबोलीत ण, ळ, छ, श आणि ष ही व्यंजने नाहीत. ण च्या जागी न येतो आणि ळ च्या जागी र येतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी भंडारा जिल्ह्यातच राहून या बोलीची उपेक्षा थांबवण्यासाठी आयुष्य वेचले आहे. म्हणजे ज्याला अशुद्ध म्हणून हसले गेले, तोच माझ्या अभ्यासाचा विषय होता. रोग्याने आपली नाडी दाखवावी आणि वैद्याने ती मोजण्याऐवजी हसावे, असा तो प्रकार होता. असो.

आता इतिहासाकडे वळू. मार्गदर्शन या विषयाचा विचार करताना महाराष्ट्रातील माणसाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेपाशी थांबावेच लागते. बाबासाहेबांचे कर्तृत्व त्यांचे स्वतःचे, याविषयी दुमत नाही. परंतु त्यांच्या वाटेवर ठिकठिकाणी कोण उभे होते हे पाहण्यासारखे आहे. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज वाचत बसतो, हे कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी हेरले. मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, आणि पुढे शिक्षण अडते आहे असे दिसताच त्याला सयाजीराव गायकवाडांपर्यंत नेले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे 9 मे 1916 रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. जातिव्यवस्थेचे चटके सोसलेला विद्यार्थी तिच्याविषयी शास्त्रीय निबंध वाचतो आहे आणि विद्वान तो ऐकत आहेत, ही घटना मला पदवीपेक्षाही मोठी वाटते. "तुम्ही स्वतःच त्यातले, तेव्हा तुम्ही तटस्थ कसे राहणार?" हा प्रश्न आजही आमच्यासारख्यांना विचारला जातो. जे त्यातले नाहीत त्यांना तो कोणी विचारत नाही.

लंडनमध्ये त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन हे होते. "प्रॉब्लेम ऑफ द रुपी" हा बाबासाहेबांचा ग्रंथ 1923 साली प्रसिद्ध झाला, त्याला कॅनन यांची प्रस्तावना आहे. त्या प्रस्तावनेत कॅनन उघडपणे सांगतात की लेखकाची काही मते आपल्याला मान्य नाहीत. तरीही त्याच्या विचारांचा ताजेपणा आणि काही ठिकाणी त्याने अचूक ठेवलेले बोट यांची ते मोकळेपणाने वाखाणणी करतात. माझ्या मते मार्गदर्शकाचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. शिष्याला गप्प बसवणे सोपे, त्याची पाठ थोपटणे त्याहूनही सोपे. त्याच्याशी बरोबरीच्या माणसाप्रमाणे वाद घालणे आणि तो वाद त्याच्याच ग्रंथाच्या आरंभी छापू देणे, याला मनाचा मोठेपणा लागतो. मागे राहिलेल्या समाजातून आलेल्या विद्यार्थ्याशी सौम्यपणे वागावे, असे पुष्कळ सज्जन प्राध्यापकांना वाटते. त्या सौम्यपणात कधी कधी "याला एवढेच जमणार" असा हिशेब दडलेला असतो, आणि तो विद्यार्थ्याला बरोबर कळतो.

परंतु नुसती शिष्यवृत्ती आणि परदेशचा चांगला गुरू एवढ्याने भागत नाही, याची साक्षही याच चरित्रात आहे. 1917 साली कराराप्रमाणे ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा एवढ्या विद्वानाला शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला तर तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. शिष्यवृत्तीने न्यूयॉर्कचे दार उघडले, बडोद्याचे उघडले नाही. पुढे 1950 साली औरंगाबादेत त्यांनी महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद. तेथे वसतिगृहाला वर्गाइतकेच महत्त्व होते, याचे मूळ मला त्या धर्मशाळेत दिसते. खेड्यातून आलेल्या मुलाला आधी निजायला जागा आणि जेवायला ताट हवे, ग्रंथ त्यानंतर. याच मिलिंदमध्ये डॉ. म. ना. वानखडे यांच्यासारखे अमेरिकेत शिकून आलेले प्राचार्य लाभले, आणि त्या परिसरातूनच 1967 साली "अस्मिता" हे नियतकालिक निघाले. गंगाधर पानतावणे यांनी ते पुढे "अस्मितादर्श" या नावाने दीर्घकाळ चालवले. विद्यापीठ अनुदान आयोगाचे पुढे अध्यक्ष झालेले डॉ. सुखदेव थोरात हेही मिलिंदचेच विद्यार्थी. (आमच्या जिल्ह्याचा बाबासाहेबांशी एक थेट संबंध आहे, तो 1954 च्या लोकसभा पोटनिवडणुकीचा. भंडाऱ्यातून ते उभे राहिले आणि आपल्या मतदारांनी त्यांना पाडले. ही गोष्ट आपण फारशी आठवत नाही.)

जातीची गोष्ट झाली. स्त्रियांची वेगळी नाही. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, या दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. 1933 साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवून त्यांनी बंगलोरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. स्त्रियांना प्रवेश नाही, असे उत्तर आले. कमलाबाई बंगलोरला जाऊन धडकल्या आणि त्यांनी सत्याग्रह मांडला. अखेर एक वर्ष अटींवर काम करण्याची परवानगी मिळाली. त्यांतील एक अट अशी होती की त्यांच्या उपस्थितीमुळे इतर संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये. चित्त दुसऱ्याचे, आणि ते सांभाळण्याची जबाबदारी यांची! त्या वर्षी श्रीनिवासय्या या मार्गदर्शकांनी त्यांच्याकडून कसून काम करून घेतले. दूध आणि डाळींतील प्रथिनांवर त्यांनी संशोधन केले. पुढे त्या केंब्रिजला गेल्या आणि 1939 साली पीएच.डी. झाल्या. विज्ञान विषयात ही पदवी मिळवणाऱ्या आरंभीच्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. त्यांचे काम पाहिल्यानंतर बंगलोरचे दार इतर मुलींनाही उघडले. संस्था एकच, वर्ष एकच. एकाने दार बंद केले आणि दुसऱ्याने आत बसून काम शिकवले. रामन फार मोठे शास्त्रज्ञ होते, आणि मार्गदर्शक या नात्याने त्या दिवशी ते चुकले. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

इरावतीबाई कर्वे यांचे उदाहरणही येथे ओझरते सांगते. त्या शिक्षणासाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांचे पुरस्कर्ते. मानवी कवट्यांची मोजमापे घेऊन त्यांनी जो निष्कर्ष काढला तो गुरूच्या अपेक्षेला धरून नव्हता, आणि त्यांनी तो तसाच लिहिला. गुरू चुकीचा असला तरी मोजपट्टी प्रामाणिक असू शकते, असा दिलासा मला यातून मिळतो. अर्थात प्रत्येकीच्या ठिकाणी इरावतीबाईंचे धैर्य असावे अशी अपेक्षा धरून विद्यापीठे चालवता येत नाहीत.

दूरचे झाले, आता जवळचे. रामटेक तालुक्यातील दुलारा हे गाव आमच्यापासून फार लांब नाही. तेथे 1949 साली जन्मलेले मोतीरावण कंगाली यांनी रिझर्व्ह बँकेतील नोकरी सांभाळून गोंडी भाषा, व्याकरण, कोश आणि गोंडी जीवनतत्त्वज्ञान यांवर एकट्याने केवढे तरी काम केले. 2015 साली ते वारले. गोंडीच्या आधारे सिंधू लिपी वाचण्याचा त्यांचा प्रयत्न तज्ज्ञांत सर्वमान्य झालेला नाही, आणि तो मान्य करण्याचा अधिकार मलाही नाही. पण त्यांची पुस्तके पाहताना सारखे वाटते, की गोंडी जाणणारे, त्यांच्याशी रोज भांडू शकणारे विद्वान त्यांना विद्यापीठात सहकारी म्हणून लाभायला हवे होते. कॅनन यांच्यासारखा एखादा हवा होता. विद्वानाची उपेक्षा करणे आणि त्याचा जयजयकार करणे, या दोन्हींतही त्याच्याशी वाद घालण्याचे काम टळते.

आजची स्थिती काय आहे? कागदावर पुष्कळ बरी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या पीएच.डी. नियमावलीप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. स्त्रियांना आणि अपंग विद्यार्थ्यांना मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत आहे, तसेच 240 दिवसांपर्यंत प्रसूतिरजेची व बालसंगोपन रजेची तरतूद आहे. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा समाजासाठी सारथी, इतर मागासवर्गीयांसाठी महाज्योती या संस्था संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. पण शिष्यांची संख्या मोजणारा नियम आहे, शिष्याला ऐकून घेण्याची पद्धत शिकवणारा नियम नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी 2019 साली मार्गदर्शनावर एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की मार्गदर्शन हे शिकण्याचे आणि शिकवण्याचे कौशल्य आहे, आणि विद्यार्थ्याची सामाजिक व सांस्कृतिक ओळख बाजूला सारून ते नीट करता येत नाही. आपल्याकडे पीएच.डी. झालेला प्राध्यापक ठरावीक शोधनिबंध छापले की मार्गदर्शक होतो. पोहणाऱ्याला पोहणे शिकवता येतेच, असे आपण गृहीत धरले आहे.

याची किंमत काय द्यावी लागते हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. 2016 साली हैदराबादला रोहित वेमुला आणि 2019 साली मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी आपले जीवन संपवले. पायल या जळगाव जिल्ह्यातून आलेल्या तडवी भिल समाजाच्या डॉक्टर. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप त्या प्रकरणात आहे. या दोघांच्या माता 2019 साली मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. यावर मी अधिक लिहीत नाही. कार्यशाळेतला हशा आणि ही प्रकरणे यांत फार मोठे अंतर आहे, हे मला समजते. परंतु रस्ता तोच आहे की काय, अशी शंका येते.

आता माझी हकीकत पुरी करते. बी. एड.चा अर्ज घेऊन मी सही मागायला आमच्या मराठीच्या बाईंकडे गेले. त्यांनी अर्ज वाचला आणि विचारले, "पानी हा शब्द तू कधी पाणी असाही म्हणतेस का?" मी म्हटले, "लिहिताना म्हणते. घरी नाही." "घरी एकदाही नाही?" "एकदाही नाही." "मग ती चूक कशी? चूक कधीमधी होते. जे दरवेळी होते त्याला नियम म्हणतात. तो नियम आधी लिहून आण, अर्जाचे मग पाहू."

जुलैमध्ये बाई स्वतः नाकाडोंगरीला आल्या. आमच्याकडे जुलै म्हणजे रोवणी. त्या दिवसांत मी वर्गाला नसते, कारण गुत्त्याने घेतलेल्या रोवणीत घरातला प्रत्येक हात लागतो. गेली दोन वर्षे माझ्या हजेरीत जुलैचे रकाने रिकामे होते आणि त्याचा अर्थ आळस असा लावला गेला होता. बाई धुऱ्यावर बसल्या. आई आणि इतर बाया चिखलात उभ्या राहून पऱ्हे लावत होत्या. बाईंनी आईला विचारले, "मावशी, ह्या बांधीला आवत्या का नाही केला?" मग आईने आवत्या कोणत्या जमिनीत करतात, रोवणी कोणत्या, मामा तलावाचे पाणी कोणाच्या बांधीला आधी लागते आणि का, हे सारे काम न थांबवता अर्धा तास सांगितले. वाकलेल्या पाठीने माझी आई व्याख्यान देत होती आणि बाई वहीत उतरवून घेत होत्या. मी तिचे बोलणे जन्मभर ऐकत आले. पण ते कोणी लिहून घेताना पहिल्यांदाच पाहिले.

बाईंनी माझे कौतुक फारसे केलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. माझा आराखडा त्यांनी चार वेळा परत केला. रोवणीची बोली ही केवळ स्त्रियांचीच, पुरुषांची नव्हे, असे मी पहिल्या खर्ड्यात ठामपणे लिहिले होते. "चुरणीच्या वेळी पुरुष काय बोलतात ते तू ऐकलेस का?" असे त्यांनी समासात लिहिले. मी ऐकले नव्हते. त्यासाठी गेल्या हिवाळ्यात धानाच्या पुंजण्यांभोवती रात्री बसून आले. माझे म्हणणे निम्मेच खरे ठरले. उरलेल्या निम्म्यावर आमचा वाद अजून चालू आहे. बाईंना गोंडी येत नाही हेही त्यांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकले, आणि गोंडी शब्दांसाठी गावातल्याच एका म्हाताऱ्या बाईकडे जाण्यास सांगितले. आपल्याला काय येत नाही हे शिष्याला सांगणारा प्राध्यापक मी तोवर पाहिला नव्हता.

आराखडा आता विद्यापीठाकडे गेला आहे. त्यासोबत माहिती देणाऱ्या बायांची संमतीपत्रे जोडायची होती. मी मजकूर वाचून दाखवला. तुमचे बोलणे अभ्यासासाठी वापरू का, नाव छापू की नको, असे त्यात होते. बहुतेकींनी अंगठा पुढे केला. मी शाईचे पॅड आईपुढे धरले तर तिने ते बाजूला सारले आणि पेन मागितले. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली पाच अक्षरे काढायला तिला बराच वेळ लागला. मग कागद माझ्याकडे देत म्हणाली, "नाव छापजो. आनि पानी पानीच लिवजो."